येसाक्काचे एकवीस जोड

फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता आणि जत्रेला जाणारा माणूस उतारावरून गुडघाभर पाण्यातून पलीकडे जायचा, तेव्हाची ही गोष्ट. बोरपाणंद गावात येसाक्का नावाची बाई राहायची. बसा नीट. पाय पसरून बसलात तरी चालेल, गोष्ट पायांचीच आहे.

येसाक्का चर्मकारांच्या आळीतली. आळी गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी होती, कारण कातडं कमवायला पाणी लागतं आणि त्याचा वास गावाला नको असतो. पायात मात्र त्याच कातड्याची चप्पल हवी असते. गावाचं हे असंच असतं. येसाक्काला माणसांची तोंडं फारशी लक्षात राहत नसत, पण एकदा पाहिलेलं पाऊल ती जन्मात विसरत नसे. असं म्हणतात, धुळीतला ठसा बघून ती सांगायची, हा बाबा सासुरवाडीला निघालाय की सासुरवाडीहून परत येतोय.

आळीत पुरुष तळ कापायचे आणि ठोकायचे. बाकीचं सगळं बायका करायच्या. चपलेच्या बाजूचे कान शिवायच्या, कातड्याची वादी ओढून टाके घालायच्या, पट्ट्यावरची बारीक वेणी गुंफायच्या. पेठेतला व्यापारी दर आठवड्याला येऊन जोड उचलायचा आणि ज्वारी, गूळ, जे काय द्यायचं ते पुरुषांच्या पुढ्यात ठेवायचा. येसाक्कानं एकदा त्याला विचारलं, “शेटजी, आमच्या हाताचं काय?”

व्यापारी हसला. म्हणाला, “तुमचं काय त्यात? वेण्या तर तुम्ही डोक्याच्याही घालताच की!”

दुसऱ्या दिवशी येसाक्कासकट आळीतल्या अकरा बायकांनी कातडं टोचायच्या आऱ्या खाली ठेवल्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. भाकऱ्या वेळेवर झाल्या, पाणी भरून झालं, फक्त चपलेला कुणी हात लावला नाही. पुरुष म्हणाले, त्यात काय मोठंसं, आणि त्यांनी स्वतःच वेण्या घातल्या. त्या बघून व्यापाऱ्यानं कपाळावर हात मारला. “हे पायात घालायचं का म्हशीच्या गळ्यात?” येसाक्काचा नवरा सटवाप्पा म्हणजे गरीब गाय. त्याच्या बोटांना सतरा ठिकाणी आरी लागली होती. तो घरी येऊन म्हणाला, “येसे, तू म्हणशील तसं.” शहाणा माणूस. पुढं आयुष्यभर सुखात राहिला.

मग येसाक्कानं गावाच्या तिकटीवर, म्हणजे तीन वाटा मिळतात तिथं, करंजाच्या झाडाखाली, गोणपाट अंथरून स्वतःचं दुकान मांडलं. तिथला नियम एकच होता, ज्याचा हात लागला त्याचा वाटा. तळ कापणाऱ्याला जेवढा, तेवढाच वेणी गुंफणारीला. आळीतल्या जनाआत्याची दृष्टी गेली होती आणि ती बसल्या जागी वादीला फक्त तेल चोळायची. तिलाही तेवढाच. यावर एकजण कुरकुरला, “तेल लावाय काय लागतंय?” येसाक्कानं त्याला कोरडी वादी दिली आणि म्हणाली, “घे, हिनं शिव.” वादी दोनदा तुटली, तिसऱ्यांदा त्यानं मागितलीच नाही.

आणि चपला तरी कशा! गिऱ्हाइकानं आधी चप्पल घालून समोरच्या माळापर्यंत जाऊन यायचं, मग पसंत पडली तर घ्यायची. असं म्हणतात, त्या चपला घातलेल्या माणसाला लांबची वाट अर्धीच वाटायची, आणि गाडीचे बैलसुद्धा मान वळवून धन्याच्या पायांकडे हेव्यानं बघायचे.

तिसऱ्या वर्षी जत्रा तोंडावर आली आणि मागणी वाढली. आता कातड्याचं कसं असतं, बाभळीची साल आणि हिरडा घातलेल्या पाण्यात ते महिनाभर मुरावं लागतं. आधीच काढलं तर वरून पक्कं दिसतं आणि आतून कच्चं राहतं. लोणच्यासारखंच, घाई चालत नाही. पण अकरा जणींपैकी एकीनं, कुणाला न सांगता, एक कातडं नऊ दिवस आधी बाहेर काढलं. लबाडी तिच्या मनात नव्हती. तिकटीवर आलेला माणूस रिकाम्या पायांनी परत जाऊ नये, एवढंच तिला वाटलं. त्या कातड्याचे एकवीस जोड झाले आणि विकलेही गेले.

नदी उतरताना चपला हातात घ्यायची रीत आहे. पण त्या वर्षी पाण्यातले गोटे शेवाळले होते, म्हणून लोक चपला घालूनच उतरले. बाकीच्या चपला उन्हात वाळून होत्या तशा झाल्या. हे एकवीस जोड मात्र पाण्यात पडलेल्या भाकरीसारखे फुगले. तळ सुटले, टाके उसवले. एक कारभारी तर देवळात एकाच चपलेनं पोचले, दुसरी नदीनं नेली. जत्रेत देवापेक्षा बोरपाणंदच्या चपलांचंच नाव जास्त निघालं.

व्यापारी वाटच बघत होता. तो पंचांपुढं उभा राहिला आणि म्हणाला, “बायकांच्या कारभाराचं असंच व्हायचं. पण मी काही वाईट माणूस नाही. जिनं हे केलं तिचं नाव सांगा, तिला आळीबाहेर काढा. बाकीच्यांचा माल मी पहिल्यासारखा उचलतो.” पहिल्यासारखा म्हणजे काय, हे आळीतल्या प्रत्येक बाईला कळलं. नाव सांगितलं तर एक बाई घराबाहेर जाणार होती, आणि नाही सांगितलं तर दुकानच बसणार होतं.

येसाक्काला नाव ठाऊक होतं, असं म्हणतात. त्या बाईचा चेहरा पाहिला तर कुणालाही कळलं असतं. पण येसाक्कानं तिकडे पाहिलंच नाही. ती पंचांना म्हणाली, “जोड इकताना आमी कुना एकीचं नाव घेतलं न्हाई. वाटा अकरा जणींनी घेतला. मग चूक तेवढी एकीच्या पदरात टाकायची व्हय? मला एक महिना द्या. एकवीसच्या एकवीस जोड बदलून देते. एक जरी ऱ्हायला, तर आमच्या आऱ्या तुमच्या.” आणि तिनं स्वतःच्या पायातल्या चपला काढून पंचांपुढं ठेवल्या. शेवटचा जोड बदलेपर्यंत ती अनवाणी चालणार होती.

तोवर बाकीचं कातडं महिनाभर मुरून तयार झालं होतं. त्याचे एकवीस नवे जोड शिवले आणि ते गाठोड्यात बांधून येसाक्का निघाली. वेशीपाशी मागं बघते तर दहाही जणी अनवाणी उभ्या. जनाआत्यासुद्धा, पुढचीच्या पदराला धरून. कुणी कुणाला यायला सांगितलं नव्हतं.

गावोगाव त्या पाणवठ्यावर जाऊन बसायच्या. येसाक्का येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांकडे बघायची आणि पाय ओळखीचा दिसला की उठायची, “दादा, तुमचा जोड आमच्याकडनं बिघडला. ह्यो घ्या.” कुणी शिव्या दिल्या, कुणी जेवायला घातलं, एकीनं तर दोन्ही केलं. असं म्हणतात, त्या वाटेवरच्या बाभळींनी आपले काटे वर उचलून धरले आणि भर दुपारचे दगड पहाटेसारखे गार झाले. मला विचाराल तर काटे टोचले असणारच. पण अकरा जणी एकमेकींचे काटे काढत चालल्या, की टोचलेलं कोण लक्षात ठेवतं?

सत्तावीस दिवसांत वीस जोड बदलून झाले. राहिला तो बिराप्पा धनगराचा. तो मेंढरं घेऊन कुठल्या डोंगरावर गेला, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याचा डावा पाय चालताना बाहेर पडायचा, हे मात्र येसाक्काला आठवत होतं. माळावर तिला तो ठसा सापडला. शेकडो मेंढरं त्या वाटेनं गेली होती, पण एकाही खुरानं ते पाऊल मोडलं नव्हतं, असं म्हणतात. ठशामागून ठसा बघत त्या डोंगरावर पोचल्या.

बिराप्पा म्हातारा होता आणि भलता रागावलेला होता. तो म्हणाला, “लेकीच्या सासरच्यांसंगं जत्रंला गेलो हुतो. समद्यांफुडं माज्या पायताणाचा तळ गळून पडला. हसली समदी. लेक खाली मान घालून हुबी ऱ्हायली. मला तुमचा नवा जोड नगं.”

येसाक्का म्हणाली, “मग काय देऊ, बाबा?”

“ज्या हातानं माजी फजिती केली, त्यो हात दावा. त्याबिगर मी जोड घेनार न्हाई.”

एवढं चालणं, एवढे दिवस, आणि शेवटी तेच मागणं पुढं येऊन उभं राहिलं. मागं उभी असलेली ती बाई पुढं सरकली. तिचे डोळे भरून आले होते. तिनं हात उचलायला घेतला, तेवढ्यात जनाआत्यानं आपला तेलकट हात वर केला आणि म्हणाली, “ह्यो बघ, ह्यो हात.”

“न्हाई, ह्यो,” दुसरी म्हणाली. मग तिसरीनं वर केला, मग येसाक्कानं, आणि त्या बाईचा हात वर गेला तेव्हा तो अकरा हातांतला एक होता.

बिराप्पानं एकेक हात पाहिला. सगळ्यांना आरीचे घट्टे पडलेले, सगळ्यांच्या नखांत बाभळीच्या सालीचा तांबडा रंग मुरलेला. ओळखायचा कुठला? तो एकाएकी हसला. “एवढ्या जणींवर रागवाय मी राग तरी कुठनं आनू?” म्हणाला, आणि खाली बसून त्यानं पाय पुढं केले. जोड त्याला अगदी बरोबर बसला. त्यानं अकरा जणींना शेळीचं धारोष्ण दूध पाजलं आणि डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोचवायला आला. नवी चप्पल घालून, डावा पाय बाहेर टाकत, अगदी ऐटीत.

तिसाव्या दिवशी त्या गावात आल्या. पंचांनी येसाक्काच्या चपला जपून ठेवल्या होत्या, त्या तिला परत दिल्या. व्यापारी त्यानंतर तिकटीवर यायचा तो गिऱ्हाईक म्हणून, आणि त्यालाही माळापर्यंत चालून दाखवावं लागायचं. येसाक्का पुढं पुष्कळ वर्षं जगली आणि करंजाखालीच म्हातारी झाली. ती गेली त्या सकाळी नदीपलीकडच्या ओल्या वाळूत अनवाणी पावलांची एक ओळ थेट डोंगराकडे गेलेली दिसली, असं म्हणतात.

आता नदीवर पूल झालाय. तरी जत्रेच्या दिवशी बोरपाणंदच्या बायका पुलाच्या तोंडाशी अनवाणी बसतात आणि कुणाचीही, कुठल्याही दुकानातली, तुटकी चप्पल फुकट शिवून देतात. त्याला येसाक्काचा टाका म्हणतात. आळीत एखादं गिऱ्हाईक उसवलेला जोड घेऊन आलं आणि तावातावानं विचारू लागलं, “हे कुणी शिवलं?” तर जवळ जी असेल ती हात वर करते. मग दुसरी करते. मग सगळ्या करतात, आणि गिऱ्हाईक निमूट खाली बसतं.

मी लहानपणी आळीतल्या थोरल्या बायकांना विचारलं होतं, कातडं आधी काढणारी ती बाई कोण? त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या आयांनाही माहीत नव्हतं. ती आळीतच जगली, आळीतच म्हातारी झाली, तिच्या लेकी-नाती इथंच असणार. पण कुठल्या घरातल्या, ते आता कुणालाच सांगता येत नाही.