परक्या शब्दाचं घर

तुर्कस्तानातलं स्मिर्ना शहर जळालं तेव्हा तिथल्या ग्रीक शाळेतल्या शिक्षिका एव्थालियाबाई आईला घेऊन, अंगावरच्या कपड्यांनिशी अथेन्सला आल्या. आता आपल्याच माणसांत आलो, असं त्यांना वाटलं होतं.

नोकरीच्या मुलाखतीला समोर शाळा-निरीक्षक कालोयेरास बसले होते. शुद्ध ग्रीक भाषेचे हे मोठे कैवारी. बोलता बोलता बाई खिशाला ‘त्सेपी’ म्हणाल्या आणि साहेबांनी तोंड वाकडं केलं.

“हा तुर्की शब्द आहे, बाई. असली भाषा आमच्या मुलांच्या कानावर नको. जे बाहेरून आलं, ते बाहेर गेलंच पाहिजे.”

तिकडे स्मिर्नात तुर्कही बाईंना हेच सांगत होते.

तेवढ्यात साहेबांनी शिपायाला बोलावलं. “माझ्या स्पीतीत निरोप दे, जेवायला उशीर होईल.”

“साहेब, घराला आपला जुना शब्द ‘ओइकोस’,” बाई शांतपणे म्हणाल्या. “‘स्पीती’ रोमन लोकांकडून आला. पाहुण्यांच्या उतरण्याच्या जागेला ते तसं म्हणत. तुमच्या नियमानं त्यालाही हाकला, म्हणजे आज रात्री तुम्हीही माझ्यासारखेच उघड्यावर.”

शिपाई तोंड फिरवून हसला. साहेबांनी उत्तर म्हणून नोकरी दुसऱ्या बाईंना दिली.

संध्याकाळी एव्थालियाबाई बंदरावरच्या गोदामात, गोणपाटाचा पडदा लावलेल्या आपल्या कोपऱ्यात परतल्या.

“आलीस घरी?” आईनं विचारलं. तीही ‘स्पीती’च म्हणाली.

बाईंनी मान हलवली. रोमन लोकांचा अर्थ तिथे अगदी चपखल बसत होता.