दक्षिणेला चालणारी बाई

नदीकाठच्या एका गावात दोन जावा एकाच घरात नांदत होत्या. थोरली सुगंधा, धाकटी रेवती. एकीचा उपास असला की दुसरी आपणहून भगर शिजत घालायची, असं त्या घराचं वळण होतं.

त्या वर्षी गावात बालवाडी निघायची होती. बाई एकच घेणार होते, तीही परीक्षा घेऊन. दोघींनी अर्ज भरले. दोघींत मिळून एकच जुनं गाइड, त्याचीही उत्तरांची पानं फाटलेली. दुपारची भांडी आवरली की दोघी ओसरीवर बसत. सुगंधा रांगोळीचे ठिपके काढायची. एक ठिपका म्हणजे एक किलोमीटर. काय दिवस होते ते! कधी न पाहिलेल्या गाड्या त्या ओसरीवरून धावायच्या.

गाड्यांची गणितं रेवतीला चटकन यायची. "जाऊबाई, गाड्या समोरासमोर आल्या की वेग मिळवा, एकीमागे एक निघाल्या की वजा करा. भाजीत मीठ विसरलात तरी चालेल, हे विसरू नका," असं ती हसत हसत शंभरदा सांगायची.

दिशांमध्ये मात्र ती स्वतःच चुकायची. "एक बाई घरून दक्षिणेला चार किलोमीटर चालली. मग उजवीकडे वळून तीन किलोमीटर गेली. आता ती घराच्या कोणत्या दिशेला?" रेवती आपल्या उजव्या हाताकडे बोट ओढायची. "आग्नेयेला!"

सुगंधाचं उत्तर नैर्ऋत्य यायचं. तेच बरोबर आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण जागा एकच होती ना! "असेल बाई, तुझंच बरोबर," असं म्हणून ती ठिपके पुसून टाकायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शुक्रवार आला. सुगंधाचा उपास होता. रेवती म्हणाली, "आज चुलीजवळ येऊच नका. पोटात काही नाही, अन् तुमच्या गाड्या अजून कच्च्या. बसा अभ्यासाला."

सुगंधा देवीपुढे बसली. नोकरी मागायला हात जोडले, पण पुसून टाकलेले ठिपकेच डोळ्यांपुढे आले. ती उठून स्वयंपाकघरात आली.

"रेवती, दिशांची तुझी उत्तरं चुकतात. पहिल्या दिवसापासून. मला माहीत होतं."

रेवतीच्या हातातली पळी थांबली. "आणि हे आज सांगताय?"

"चुकलंच माझं. पण उद्यापेक्षा आज बरं. चल."

तिने रेवतीला देवघरासमोर उभं केलं. "समई देवीच्या उजव्या बाजूला आहे. तुझ्या कोणत्या हाताला आली?"

"डाव्या."

"आपल्या ठिपक्यांत उत्तर वर, दक्षिण आपल्या बाजूला. म्हणून दक्षिणेला चालणारी बाई अशीच आपल्याकडे तोंड करून येते. तिचा उजवा हात तिच्या जागी उभं राहून बघायचा असतो."

रेवतीने ओळीने वीस प्रश्न सोडवले. एकही चुकला नाही. मग पाट मांडून म्हणाली, "या, फराळ वाढलाय."

निकाल लागला. रेवती पहिली आली, सुगंधा दोन गुणांनी मागे राहिली. सगळी हकिकत कळल्यावर शेजारीण म्हणालीच, "गप्प बसली असतीस तर नोकरी तुझी होती!"

"होती की," सुगंधा म्हणाली. "पण मग या घरात जन्मभर मान खाली घालून वावरले असते."

तात्पर्य: आपल्या लाभासाठी दुसऱ्याची चूक झाकून ठेवणं ही फसवणूकच. उशिरा का होईना, जो खरं सांगतो त्याचं मन देवापुढे मोकळं होतं.