देवाच्या मिशा

फार वर्षांपूर्वी, राजेलोक एकमेकांच्या सीमा ओढण्यात दंग असायचे त्या काळी, डोंगराखालच्या एका गावात एक आई राहत होती. तिची आधीची मुलं पाळण्यातच गेली, म्हणून शेवटच्याचं नाव तिने मुद्दाम धोंडू ठेवलं. धोंड्याला कोण नजर लावणार? आणि खरंच कोणाची नजर लागली नाही. पोरगा जगला, वाढला, चिंचेवरून पडून पुढच्या दाताचा टवका उडवून आला आणि हसताना तो तुटका दात सगळ्या गावाला दाखवत हिंडला.

मग लढाई आली. राजाचा स्वार दवंडी पिटून गेला आणि धोंडू मोठ्या माणसांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं, पण उंची चांगली होती आणि निवडणाऱ्याने तेवढीच बघितली. गावाच्या खिंडीत तो लढला. शत्रू गावात शिरला नाही, हे खरं. धोंडू परत आला नाही, हेही तितकंच खरं.

गाव कृतघ्न नव्हतं. वेशीपाशी त्याची वीरगळ उभारायची, म्हणजे त्याच्या आठवणीचा कोरीव दगड उभा करायचा, असं ठरलं. पाटलाने पाथरवटाला बोलावून सांगितलं, "चांगल्या झुपकेदार मिशा काढ. वीर दिसला पाहिजे."

आई म्हणाली, "मिशा नव्हत्या त्याला. होता तसा काढा. आणि दात विसरू नका."

पाथरवटाने आईचं ऐकलं. दगड उभा राहिला त्या दिवशी तिने त्या गालांवरून हात फिरवला आणि पोटभर रडून घेतलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी तिनेच त्याच्या कपाळाला शेंदराचं बोट लावलं. ते पाहून शेजारणीने लावलं. पुढच्या वर्षी कोणी कपाळभर फासलं, मग कोणी तोंडभर. अशात कोणाची हरवलेली गाय सापडली, कोणाचा ताप उतरला आणि बघता बघता धोंडूचा वीरबा झाला. नवस आले, नारळ आले, पाठोपाठ गुरव आला. तेलाशेंदराची पुटं चढत गेली. चेहरा पार बुजला तेव्हा गुरवाने वरून चांदीचे डोळे बसवले आणि काळ्या रंगाने मिशा काढल्या. पाटलाची हौस अशी उशिरा का होईना, पुरी झाली.

आईला आधी बरंच वाटायचं. कोणत्या आईला वाटणार नाही? पण ती म्हातारी झाली आणि एके सकाळी भाकरी थापता थापता तिच्या लक्षात आलं, की धोंडूचं हसू आपल्याला आठवत नाही. तुटका दात आठवतो, पण तो डावीकडचा की उजवीकडचा? तिचा हात पिठातच थांबला. पोरगा गेला तेव्हा ती घाबरली नव्हती तेवढी आता घाबरली. भाकरी तशीच टाकून ती वेशीकडे निघाली.

दगडासमोर ती बसली. चांदीचे डोळे तिच्याकडे बघत होते, पण त्यांत ओळख नव्हती. इतक्यात गावात नुकतीच नांदायला आलेली एक पोटुशी सून नारळ घेऊन आली.

"आजी, जरा सरकता का? नवस बोलायचाय."

म्हातारी सरकली. सून हात जोडून म्हणाली, "वीरबा, मला तुझ्यासारखा मुलगा होऊ दे."

"याच्यासारखा म्हणजे कसा गं?" म्हातारीने विचारलं.

"असाच. दांडगा, मिशांचा."

"याची आई कोण होती, ठाऊक आहे का तुला?"

सून हसली. "देवाला कुठली आई, आजी? देव आपला असतोच."

बिचारीचा काय दोष? तिला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हातारी उठली ती थेट चावडीवर गेली. जुना पाटील केव्हाच गेला होता. आता त्याचा मुलगा पाटील होता, एके काळी धोंडूबरोबर सूरपारंब्या खेळलेला.

"मला तो शेंदूर काढायचाय," म्हातारी म्हणाली. "माझ्या पोराचं तोंड बघायचंय."

पाटील गडबडला. "काकी, देव कोपला म्हणजे?"

"सगळ्या गावाला भोवेल," गुरवाने री ओढली. आपल्या नारळांचं काय होईल, हे मात्र तो बोलला नाही.

"कोपला तर माझ्यावर कोपेल," म्हातारी म्हणाली. "जन्मात एकदाच रागावला होता माझ्यावर. लागोपाठ वांग्याची भाजी केली म्हणून. आणि तीही खाल्लीच त्याने."

हसावं की नाही, ते चावडीला कळेना. पाटलाने बराच विचार केला. "तुम्ही काढा, काकी. पण गावातलं दुसरं कोणी हात लावणार नाही."

म्हातारीने कोमट तेल घेतलं आणि लाकडी उलथणं घेतलं. "लोखंडाचं घ्या की, लवकर निघेल," कोणी तरी म्हणालं.

"लागेल त्याला," ती म्हणाली आणि कामाला लागली.

सगळं गाव लांब उभं राहून बघत होतं. उन्हं चढली. म्हातारीचे हात भरून आले आणि तेलाची वाटी कलंडली. तेव्हा पाटलाला राहवलं नाही. त्याने पागोटं उतरवून बाजूला ठेवलं, पुढे होऊन वाटी धरली आणि मग दुसऱ्या हाताने शेंदरालाही हात घातला. दोघांनी मिळून ओढल्यावर ती जाड खोळ डोळ्यांमिशांसकट सुटून खाली पडली.

आत एक पोर हसत होतं. गाल गुबगुबीत, ओठावर काही नाही, दाताचा टवका उडालेला.

"उजवीकडचा," म्हातारी म्हणाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

पाटील आपल्या पिकल्या मिशांवर हात ठेवून बघतच राहिला. इतकी वर्षं तो ज्याच्या पाया पडत होता, ते पोर आता त्याच्या नातवाएवढं दिसत होतं. "काकी," तो म्हणाला, "आम्ही एवढेसेच होतो?"

"एवढेसेच होतात रे."

गुरवाने खाली मान घातली. गर्दीतून ती पोटुशी सून पुढे आली आणि चाचरत म्हणाली, "आजी, बोललेला नवस बदलता येतो का?"

"माझा पोरगा काही अडून बसणारा नव्हता. बोल तू."

सुनेने हात जोडले. "धोंडू, मला मुलगा होऊ दे. तुझ्यासारखा हसरा होऊ दे. त्याला मिशा येऊ देत, आणि त्या पिकू देत."

पुढे पुन्हा दवंडी आली तेव्हा पाटलाने रांगेतल्या एकेकाला त्या दगडाशेजारी उभं केलं. ज्याचं तोंड दगडातल्या तोंडासारखं कोवळं दिसलं त्याला सरळ घरी पाठवलं. स्वार कुरकुरला, पण दगड बघितल्यावर त्यालाही पुढे बोलवेना. शेंदूर गाव अजून लावतं, पण कपाळापुरता, एकच बोट.

त्या सुनेला मुलगा झाला. त्याला मिशा आल्या आणि त्या पांढऱ्याशुभ्र झाल्या. नातवंडांना मांडीवर घेऊन ही गोष्ट तोच सांगायचा, म्हणून तर ती आपल्यापर्यंत पोचली.

तात्पर्य एवढंच: लढाईत गेलेल्या पोराला देव करून मोकळं होऊ नये. तो कोण होता, केवढा होता, हे आठवत राहावं. आपल्या घरची पोरं त्या आठवणीनेच वाचतात.