चंपाबाईंचं पन्हं

फार पूर्वी, हत्तींच्या घरीही बारशाला पन्हं होत असे, तेव्हाची गोष्ट. चंपा हत्तिणीच्या लेकाचं बारसं होतं. पन्ह्याचं माप तिनं झिपरी खारीला विचारलं.

झिपरी लाजत म्हणाली, "एक वाटी कैरीचा गर, दोन वाट्या गूळ, सहा वाट्या पाणी."

चंपानं गर नि गूळ झिपरीच्या इवल्या वाटीनं घातला. पाणी मात्र पिंपात घातलं आपल्या घमेल्यानं, सहा घमेली!

पहिला घोट घेताच माकडमामा ओरडला, "चंपे, कैरी यात नुसती अंघोळ करून गेली का गं?"

सगळे खदखदून हसले. चंपाचे डोळे भरले. "पाहुणे तोंड गोड न करताच जाणार!"

झिपरीला राहवेना. ती पिंपाच्या काठावर चढली. "मावशी, घमेलं तुमचंच राहू द्या. पण गर नि गूळही त्यानंच मोजा."

मग काय! माकडांनी कैऱ्या उकडल्या, अस्वलानं गूळ फोडला. एक घमेलं गर, दोन घमेली गूळ पिंपात पडला, आणि पिऊन पिऊन पाहुणे नाचू लागले.

कोपऱ्यात मुंगीनंही तिळाच्या टरफलानं मोजून पन्हं केलं. माकडमामानं ते जिभेच्या टोकावर घेतलं आणि डोळे वटारले.

"मुंगे, खरं सांग, चंपेच्या पिंपातून चोरलंस ना?"