आमरीची तहान

सह्याद्रीतल्या एका रानाच्या कडेला, गवतानं शाकारलेल्या खोपटात येसू आणि तिची धाकटी बहीण सोनकी राहायच्या. आईबाप तापाच्या साथीत गेले. त्याच तापानं सोनकीचे पाय लुळे पडले. येसू रानातून मोळी आणायची, तेव्हा कुठं चूल पेटायची.

श्रावणात वादळानं एक जुना आंबा उन्मळून पडला. त्याच्या फांदीखाली आमरीचं, झाडाच्या खोडावर वाढणाऱ्या त्या फुलवेड्या वनस्पतीचं, इवलंसं रोप चेंगरलं होतं. येसूनं डोक्यावरची मोळी तिथंच टाकली, रोप अलगद सोडवलं आणि पोटाशी धरून घरी आणलं. दारातल्या फणसाच्या खोडाला ते सुंभानं बांधलं. त्या दिवशी चूल पेटली नाही.

तिन्हीसांजेला आमरीच्या ओल्या पानांआडून जांभळ्या, झिरझिरीत पंखांची चिमुकली परी डोकावली.

"येसू, तुला काय हवं?"

"माझी सोनकी चालू दे."

"या आमरीला फूल येईल, त्या दिवशी सोनकी चालेल. पण नियम कडक आहे गं. पाऊसकाळात हिला भरपूर पाणी. थंडी पडली की मात्र थेंबसुद्धा नाही. कोवळं ऊन आणि दव, बस्स. पानं गळतील, अंग सुरकुतेल. कीव येऊन पाणी घातलंस, तर नुसते कोंब फुटतील, फूल नाही. आणि कळी दिसेपर्यंत हे कुणाला सांगायचं नाही. सोनकीलाही नाही."

थंडी आली. पिवळी पानं टपटप गळाली. उरल्या सुकल्या काड्या.

"आक्का, ती मरतेय. पाणी घाल ना," सोनकी अंथरुणातून म्हणायची.

"नाही, बाळा."

"का पण?"

येसू चुलीत लाकूड सारायची.

एका सकाळी सोनकी आपल्या वाटणीचं पाणी पेल्यात घेऊन सरपटत फणसापाशी निघाली. येसूनं पेला काढून घेतला.

"तू दुष्ट आहेस," सोनकी म्हणाली. मग तिनं बोलणंच टाकलं.

येसू पेला धरून काड्यांपुढं उभी राहिली. शेवटी ते पाणी तिनं दूर गवतात ओतलं, आत आली आणि सोनकीचे गार पाय चेपत बसली. सोनकीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

होळीच्या सुमाराला एका सुकल्या पेरावर मोहरीएवढी कळी दिसली. येसूनं रडत रडत आमरीला पाणी घातलं, मग सोनकीला सगळं सांगितलं. सोनकी त्या कळीकडं बघत राहिली.

आणि एका पहाटे काड्या जांभळ्या-पांढऱ्या फुलांनी लहडल्या. परी फुलातून उठली, येसूच्या कपाळाला पंख टेकवून सोनेरी उजेडात विरून गेली.

मागं पावलं वाजली. सोनकी भिंत धरून, लटपटत येत होती. तिनं येसूचं हडकुळं मनगट हातात घेतलं.

"आक्का," ती हळूच म्हणाली, "तू बस. आज चूल मी पेटवते."