कोंबडेसरांचा घसा बसला

समुद्र अजून गावाच्या बराच जवळ होता, तेव्हाची गोष्ट. खेकड्यांना फुटबॉल शिकवायला गावातून कोंबडेसर येत. उंदरांशी मॅच ठरली होती आणि हरणाऱ्याने किनारा सोडायचा होता.

“सरळ पळा, सरळ!” सर महिनाभर ओरडले. बिचारे खेकडे सरळ पळायला जात आणि स्वतःच्याच पायांत पाय अडकून पडत.

मॅचच्या दिवशी हाफटाइमपर्यंत उंदरांनी तीन गोल चढवले. ओरडून ओरडून सरांचा घसा पार बसला. तेव्हा टीममधली सगळ्यात बडबडी चिंबोरी म्हणाली, “सरांचा आवाज येईपर्यंत आपल्याला येतं तसं खेळून घेऊ या का?”

मग काय, खेकडे आडवे सुटले. बॉल या टोकाकडून त्या टोकाला जाऊ लागला. सगळे उंदीर घोळक्याने त्याच्यामागे धावून दमले आणि गोलसमोरची जागा मोकळी पडली. तिथे उभ्या चिंबोरीने चार गोल मारले.

दुसऱ्या दिवशी सरांचा आवाज परत आला. खेकडे धास्तावून ओळीत उभे राहिले.

सर हळूच म्हणाले, “आज तुम्ही पळा. मला आधी नीट बघू दे.”