काजूला राग आला

एकदा काय झालं, कोकणातल्या एका गावात शेवंती नावाची बाई राहायची. घरात ती आणि तिची लेक मंजुळी, दोघीच. लेक जन्मली त्याच वर्षी शेवंतीनं परसात काजूचं रोप लावलं. जमीन सगळी कातळाची. तीन उन्हाळे तिनं विहिरीवरून कळशा वाहिल्या, तेव्हा कुठे झाड धरलं. आणि बरं का, त्या काळी काजूची बी बोंडूच्या, म्हणजे त्या रसाळ फळाच्या, पोटात असायची. बोंडू फोडायचा, आतला गर तसाच तोंडात टाकायचा.

पहिला बहर आला. शेवंतीनं एक बोंडू देवापुढे ठेवला आणि मंजुळीला हाक मारली. तेवढ्यात राजाचा कारभारी दारात. म्हणाला, "पहिलं फळ राजाचं. राजा म्हणजे देवच की." मग त्यानं देवापुढचा बोंडूसुद्धा उचलला आणि झाड ओरबाडून नेलं. मला तर सांगतानाही संताप येतो. देवापुढचं उचलतात का रे कुणी?

दुसऱ्या वर्षी पुन्हा हजर. "राणीसाहेबांना डोहाळे लागलेत." पोटुशी बाईला नाही कसं म्हणायचं? शेवंती म्हणाली, "न्या, पण माझ्या लेकीपुरते चार ठेवा." एकही ठेवला नाही मेल्यांनी. आणि कसले डोहाळे न् कसलं काय, राजाच सगळे खाऊन आडवा झाला.

तिसऱ्या वर्षी तर खोटं बोलायचेही कष्ट घेतले नाहीत. आले, झाड झोडपलं, गेले. मंजुळीनं खाली पडलेली एक साल उचलून चाटली. "आई, काजू असाच लागतो का गं?"

मग मात्र शेवंतीचं डोकं फिरलं. राजाला बोलायची सोय नव्हती, म्हणून ती झाडावरच तुटून पडली. "मेल्या, तुला पाणी घालून माझी कंबर गेली, आणि तू येईल त्याच्या तोंडात पडतोस? जरा म्हणून राग नाही तुला? नसेल तर माझा घे. माझ्याकडे भरपूर आहे." आणि तिनं खोडावर दाणकन हात आपटला.

झाडानं ऐकलं, बरं का. मुळापासून शेंड्यापर्यंत थरथरलं.

पुढल्या वर्षी बोंडू लागले ते नवलाचेच. बी पोटातून बाहेर आलेली, अंगावर कडक कवच घालून खाली लोंबत होती. कारभाऱ्यानं टोपल्या भरून नेल्या. राजाला कुठला धीर? त्यानं बी दातांनी फोडली. कवचातला चीक लागला तसे ओठ भाजले, जीभ सोलली, तोंड भोपळ्याएवढं सुजलं. कारभाऱ्याची पाचावर धारण बसली. त्यानं टोपल्या शेवंतीच्या परसात आणून ओतल्या, आणि पुन्हा म्हणून त्या वाटेला गेला नाही.

शेवंतीनं एक बी हातात घेऊन पाहिली. तिचाच राग तो, तिला नाही ओळखू येणार तर कुणाला? तिनं अंगणात पालापाचोळा पेटवला आणि बिया आत टाकल्या. चीक तडतडून जळून गेला. मग तिनं हाताला राख चोळली, बिया फोडल्या, आणि पहिला गर लेकीच्या तोंडात घातला. मंजुळीनं लगेच दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

मग काय, मायलेकी दरवर्षी पोटभर काजू खाऊन सुखानं राहिल्या. राजाचा ओठ वाकडा तो वाकडाच राहिला, राहू दे. माझा राग काही अजून उतरला नाही, पण तुम्ही आता डोळे मिटा बघू.